गावाच्या एकरकमी निधीत दुर्बल घटकांचा वाटा कसा मिळवावा : सोलापूर जिल्ह्यासाठी मार्गदर्शक

ग्रामपंचायतीच्या हद्दीत दुर्बल घटकांसाठी येणारा सरकारी पैसा दोन वेगळ्या वाटांनी येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना किंवा घरकुल योजना यांसारख्या योजनांत लाभार्थी कोण, रक्कम किती आणि निकष कोणते, हे वरूनच ठरलेले असते. आपण अर्ज करायचा आणि पात्र ठरलो तर लाभ घ्यायचा, एवढेच आपल्या हाती असते. दुसरी वाट एकरकमी निधीची आहे. वित्त आयोगाचे अनुदान आणि ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न हा पैसा एकत्रित स्वरूपात असतो, त्यातील काही टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवण्याचे बंधन असते, पण तो नेमका कोणासाठी आणि कोणत्या कामावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचे असते. या निधीवर कोणाचेही नाव आधीपासून लिहिलेले नसते. आराखड्यात आणि अंदाजपत्रकात ज्याची गरज नोंदवली गेली, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो, आणि ज्याची नोंदवली गेली नाही तो मार्चअखेरीस चौकशीला गेला की ‘निधी संपला’ हे उत्तर ऐकून परत येतो. म्हणून या लेखाचा सारा भर वाटपाच्या वेळेवर नसून त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे नियोजनाच्या वेळी करावयाच्या कामावर आहे.

पैसा कोणता आणि किती, हे आधी समजून घ्या

७३व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अकरावी अनुसूची आली आणि पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय तीत नोंदवले गेले. त्यांपैकी महिला व बालविकास, दिव्यांगांसह समाजकल्याण आणि अनुसूचित जाती-जमातींसह दुर्बल घटकांचे कल्याण हे अनुक्रमे २५, २६ आणि २७ क्रमांकांचे विषय आहेत. ‘हे काम ग्रामपंचायतीचे नाही, समाजकल्याण खात्याकडे जा’ असे कोणी सांगितले, तर या तीन क्रमांकांचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. महाराष्ट्रात या निधीची वाटणी ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० टक्के आणि जिल्हा परिषदेला १० टक्के अशी ठेवण्यात आली. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या रकमेतील ६० टक्के भाग बंधित असतो आणि तो पिण्याचे पाणी व स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो. उरलेला ४० टक्के भाग अबंधित असतो. वेतन आणि आस्थापना खर्च सोडून तो अकराव्या अनुसूचीतील विषयांवर, स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येतो. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी सुरू होत असल्याने हे प्रमाण त्या त्या वर्षीच्या शासन परिपत्रकाशी ताडून घ्यावे. निवडून आलेली संस्था अस्तित्वात नसेल किंवा हिशेब ऑनलाइन उपलब्ध नसतील, तर अनुदान अडवले जाते, हेही ध्यानात असू द्यावे. कारण ‘वरूनच पैसे आले नाहीत’ या उत्तरामागे कधीकधी खालचेच काम अपुरे राहिलेले असते.

दुसरा स्रोत म्हणजे स्वनिधी, अर्थात घरपट्टी, बाजार कर, गाळ्यांचे भाडे अशा मार्गांनी जमा होणारे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. त्यातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. दिव्यांगांचा हा वाटा पूर्वी ३ टक्के होता. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातही, म्हणजे ज्याला आपण सेस फंड म्हणतो त्यात, मागासवर्गीयांसाठी २० टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के अशी तरतूद असते.

उदाहरणादाखल असे धरा की एखाद्या ग्रामपंचायतीचे वार्षिक स्वउत्पन्न १२ लाख रुपये आहे आणि वित्त आयोगाचे अनुदान २० लाख रुपये आहे. स्वनिधीतून मागासवर्गीयांसाठी १ लाख ८० हजार, महिला व बालकल्याणासाठी १ लाख २० हजार आणि दिव्यांगांसाठी ६० हजार रुपये निघतात. वित्त आयोगाच्या २० लाखांपैकी १२ लाख बंधित आणि ८ लाख अबंधित होतात. आपल्या गावाचे खरे आकडे मिळवून हाच हिशेब एका कागदावर मांडावा. ग्रामसभेत हा कागद हाती असलेला माणूस आणि रिकाम्या हाताने उभा राहिलेला माणूस यांना मिळणाऱ्या उत्तरांत फार अंतर असते.

वर्षाचे वेळापत्रक आणि ऊसतोडीचा प्रश्न

पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि हिवाळाभर चालते. त्याच सुमारास, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, स्वनिधीच्या अंदाजपत्रकाची तयारी होते. थोडक्यात, एप्रिलपासून खर्च व्हायचा पैसा आदल्या वर्षाच्या दसरा ते संक्रांत या काळात ठरून गेलेला असतो.

सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत येथे एक गंभीर अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे स्पष्ट मत आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी मार्चच्या आसपास संपतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे नेमकी याच काळात गावाबाहेर असतात, आणि ज्यांच्यासाठी हा राखीव निधी आहे त्यांपैकी बरीच माणसे याच कुटुंबांतली असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली मुले. ग्रामसभेत उठून बोलणे यांपैकी कोणालाही सोपे नसते. म्हणून गरजांची यादी ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच, पूर्ण करावी. आषाढीच्या काळात माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांतील पालखीमार्गावरच्या ग्रामपंचायतींचे सारे मनुष्यबळ वारीच्या व्यवस्थेत गुंतलेले असते, तेव्हा तेथे हे काम वारी सरल्यावरच हाती घेणे शहाणपणाचे ठरते.

गरजांची यादी

यादी हा सगळ्या प्रक्रियेचा पाया आहे आणि तिच्यावरच सर्वाधिक वेळ द्यावा. बचत गटातील दोन-तीन महिला, आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि गावातील एखादी दिव्यांग व्यक्ती असा छोटा गट पुरेसा होतो. आशा आणि अंगणवाडी सेविकांना घराघरांतली परिस्थिती ठाऊक असते, परंतु वस्तीवरची आणि शेतातली घरे गावठाणातल्या यादीतून हमखास सुटतात. सांगोला, मंगळवेढा, करमाळा या भागांत वस्त्या दूरवर विखुरलेल्या आहेत. तेथे एका दिवसात गाव संपवण्याची घाई करू नये.

यादीत ‘दिव्यांग’, ‘विधवा’, ‘निराधार’ एवढीच नोंद करून थांबू नये. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीला काय हवे आहे आणि आज तिचे काय अडते, हे एका वाक्यात लिहावे. याचे कारण सांगतो. एखाद्या घरात चाकाची खुर्ची आलेली असते. पण घराचा ओटा दीड फूट उंच, दाराला उंबरठा आणि शौचालय अंगणाच्या पलीकडे तीन पायऱ्यांवर. खुर्ची भिंतीला टेकून राहते, तिच्यावर कपडे वाळत पडतात, आणि ती व्यक्ती पूर्वीसारखीच दुसऱ्याच्या आधाराने सरकत बाहेर येते. कागदोपत्री मात्र त्या घराला लाभ मिळालेला असतो. ‘उतार आणि शौचालयाला आधारदांडी हवी’ असे यादीत लिहिलेले असते, तर पुढच्या वर्षीचा पैसा योग्य जागी गेला असता.

उताराचा विषय निघालाच आहे, तर त्याचे माप येथेच सांगून ठेवतो, कारण गावोगावी यात चूक होते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ ला १२ असावे लागते. म्हणजे शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा ओटा दीड फूट उंच असेल, तर उताराची लांबी १८ फूट हवी. जागा नाही म्हणून चार-पाच फुटांत उरकलेला उतार हा घसरगुंडीसारखा होतो आणि त्याचा उपयोग केवळ छायाचित्रापुरता उरतो. जागा कमी असेल तर वळण घेऊन दोन टप्प्यांत उतार करता येतो. रुंदी किमान चार फूट आणि दोन्ही बाजूंना कठडा, हे तपशील अंदाजपत्रकातच लिहून घ्यावेत. काम झाल्यावर सांगून काही होत नाही.

यादीसोबत कागदपत्रेही तपासावीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये आला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र, मागितले जाते. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी जावे लागते, आणि दूरच्या तालुक्यातून या फेरीचा खर्च व मजुरीचा खाडा अनेकांना परवडत नाही. शक्य असेल तर गावातील अशा सर्वांची एकाच दिवशी ने-आण करण्याची सोय महिला व बालकल्याणाच्या किंवा दिव्यांग निधीच्या अंदाजपत्रकातच मागावी. मतिमंदत्व, मानसिक आजार, सिकलसेल यांसारखे दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ते यादीतून सर्वांत आधी गळते.

ग्रामपंचायतीचे दप्तर वाचणे

ग्रामपंचायतीचे हिशेब ठरावीक नमुन्यांत ठेवले जातात. आपल्याला त्यांपैकी तीनच पुरेसे आहेत : नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही आणि नमुना २८ म्हणजे मागासवर्गीय व महिला-बालकल्याण यांवरील खर्चाचे मासिक विवरण. अंदाजपत्रकातली तरतूद आणि नमुना २८ मधला प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी ठेवले की अनुशेष, म्हणजे राखीव असूनही खर्च न झालेली रक्कम, किती साचला आहे हे दिसते. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांचा खर्च स्वतंत्रपणे दाखवलेला आहे की नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, लेखी विचारावे.

वित्त आयोगाचा भाग तर घरबसल्या मोबाइलवरही पाहता येतो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडल्यावर मंजूर आराखड्यातील कामांची यादी व झालेला खर्च दिसतो. या पोर्टलवरून होणारे प्रत्येक देयक आराखड्यातील मंजूर कामाशी जोडलेले असते आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने ते निघते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आराखड्यात नसलेल्या कामासाठी सरपंचांची कितीही इच्छा असली तरी पैसे काढता येत नाहीत. नियोजनाच्या वेळेचा एवढा आग्रह मी धरतो तो याच कारणामुळे.

ग्रामसभा आणि ठराव

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. ती कित्येक ठिकाणी कागदावरच होते. ती प्रत्यक्ष व्हावी असा आग्रह धरावा, कारण एकट्या राहणाऱ्या, परित्यक्ता किंवा वृद्ध महिलांना आपली गरज तेथे मोकळेपणाने सांगता येते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे. सभेत बोलणे कन्नडमध्ये होऊ द्यावे आणि ठराव मराठीत लिहून तो पुन्हा कन्नडमध्ये वाचून दाखवावा, म्हणजे काय मंजूर झाले हे सर्वांना कळते.

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली जाते तेव्हा मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे पहिली सभा तहकूब झाली म्हणून घरी बसू नये; पुष्कळदा महत्त्वाचे ठराव दुसऱ्या, तुरळक उपस्थितीच्या सभेत होतात.

सभेच्या आधी यादी आणि मागणी अशी दोन्ही लेखी देऊन पोच घ्यावी. ‘दिव्यांगांसाठी योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ अशा ठरावाने काहीही घडत नाही. ठरावात काम, जागा, रक्कम, निधीचे शीर्ष (अंदाजपत्रकातील ज्या सदरातून खर्च करायचा ते) आणि मुदत या पाच गोष्टी यायला हव्यात. नमुन्यादाखल एक ठराव देतो :

‘पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वनिधीच्या ५ टक्के दिव्यांग कल्याण शीर्षाखाली ६० हजार रुपयांची तरतूद करण्यात यावी, त्यातून सोबतच्या यादीतील अनुक्रमांक १ ते ४ यांच्या घरी उतार व शौचालयास आधारदांडी बसवण्यात यावी, आणि हे काम जूनअखेर पूर्ण करण्यात यावे. तसेच वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून जिल्हा परिषद शाळेस १ ला १२ या प्रमाणाचा, कठड्यासह उतार बांधण्याचे काम विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात यावे. मागील वर्षांचा अखर्चित अनुशेष यात जमा धरण्यात यावा.’

सूचक आणि अनुमोदक म्हणून यादीतील व्यक्तींचीच किंवा त्यांच्या कुटुंबीयांची नावे असावीत. सभा संपण्यापूर्वी कार्यवृत्तात ठराव क्रमांक पडला आहे याची खात्री करून घ्यावी.

समान वाटपाविषयी

अनेक गावांत दिवाळीच्या तोंडावर ५ टक्के निधी सर्व दिव्यांगांना समान वाटून टाकला जातो. वरच्या उदाहरणातले ६० हजार रुपये ४० जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड हजार रुपये येतात. सणाला हाती आलेले रोख पैसे गरीब कुटुंबाला हवेच असतात, आणि ते मागणाऱ्या कोणालाही मी नावे ठेवणार नाही. परंतु ज्या मुलीला ऐकण्याचे यंत्र नसल्याने शाळा सोडावी लागली, तिला दीड हजारांनी काहीच होत नाही. हा निर्णय ग्रामपंचायतीने परस्पर घेऊ नये. गावातल्या दिव्यांगांची स्वतंत्र बैठक घेऊन, आळीपाळीने दरवर्षी ठरावीक जणांची मोठी गरज पूर्ण करायची की रक्कम वाटायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे. क्रम ठरवताना दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यावे. दारिद्र्य निर्मूलन आणि विकास योजनांत ५ टक्के आरक्षण देताना २०१६ चा कायदाही हेच सांगतो.

मंजुरी मिळाल्यावर

जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून शिलाई यंत्र, पिठाची गिरणी यांसारख्या वैयक्तिक लाभाच्या वस्तू देताना बहुधा थेट लाभ हस्तांतरणाची पद्धत वापरतात. लाभार्थ्याने वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, जीएसटीचे पक्के देयक पंचायत समितीमार्फत सादर करायचे आणि त्यानंतर अनुदान बँक खात्यात जमा होते. मधल्या दलालांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे, पण ज्याच्याकडे आधी भरायला पैसेच नाहीत त्याची मंजुरी मुदत संपून रद्द होते. यावर चालणारा उपाय म्हणजे महिला बचत गटाने किंवा ग्रामसंघाने मंजुरीपत्र पाहून तात्पुरती उचल देणे आणि अनुदान जमा होताच ती परत घेणे. सावकाराकडून उचल घेऊ नये, कारण अनुदान यायला उशीर झाला तर व्याजच लाभाएवढे होते. खाते आधारशी जोडलेले आणि चालू आहे की नाही हे खरेदीच्या आधी बँकेत जाऊन पाहावे. देयकावरील नाव, मंजुरीपत्रावरील नाव आणि खात्यावरील नाव अक्षरशः एकच हवे.

बांधकामाच्या बाबतीत काम चालू असतानाच दोनदा पाहणी करावी आणि शेवटी, शक्य असेल तर, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीनेच उतार वापरून पाहिल्यानंतर ग्रामसभेने काम पूर्ण झाल्याचे मान्य करावे.

सोलापूर शहरात राहणाऱ्यांसाठी

शहरात ग्रामसभा नसल्याने वाट थोडी वेगळी आहे. नागरी संस्थांनाही दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती, त्यामुळे पंधराव्या वित्त आयोगाच्या हिशेबात हे शहर दशलक्षाखालील शहरांत मोडले आणि त्याच्या अनुदानातही बंधित व अबंधित असे दोन भाग राहिले. महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चच्या सुमारास मंजूर होते. म्हणून मागण्या डिसेंबरपूर्वीच महापालिकेच्या इंद्रभुवन या इमारतीत आयुक्तांच्या नावे आणि आपल्या विभागीय कार्यालयात लेखी द्याव्यात. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्यांत पाळणाघर, वृद्धांसाठी दिवसभराची बसण्याची जागा आणि महिलांसाठी स्वच्छतागृह या मागण्या महिला व बालकल्याणाच्या शीर्षाखाली सामूहिकपणे केल्या, तर त्या वैयक्तिक अर्जांपेक्षा लवकर विचारात घेतल्या जातात.

काम अडले तर

प्रथम ग्रामपंचायतीकडे ठराव क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. उत्तर न आल्यास गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनातही ही तक्रार मांडता येते. त्यासाठी विहित नमुन्यात आगाऊ अर्ज करावा लागतो. दिव्यांगांच्या निधीबाबत पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे स्वतंत्रपणे दाद मागता येते.

माहिती नाकारली जात असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क नसते. ‘निधीचे काय झाले’ असे मोघम न विचारता, मागील ३ आर्थिक वर्षांचे नमुना १ व नमुना २८, दिव्यांग कल्याणाच्या खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) आणि त्या वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालांच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. मिळालेल्या प्रतींवरून वर्षनिहाय अनुशेषाचा तक्ता करून तो पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत स्वतंत्र विषय म्हणून घेण्याची लेखी मागणी, सभेची सूचना निघण्यापूर्वी, ग्रामपंचायतीकडे द्यावी.